बाजेचे चार कोपरे

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील पक्षघाती मनुष्य तुम्हांस ठाऊक आहे. महावैद्य त्याच कफर्णहूम गांवांत होता; तरी दारांतील गर्दीमुळें रोग्यास त्याची भेट होईना. चौघांनीं बाज उचलून छप्पर उघडलें, तेव्हां ती झाली.

आज आपली अवस्था अशीच नाहीं काय? शहरीं डॉक्टर पुष्कळ, परंतु खेड्यांतील अडलेल्या बाईस वेळेवर एकही मिळत नाहीं. 1970 सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें जामखेड येथें आरोग्यकार्य आरंभिलें. दोघे डॉक्टर सर्व गांवांस कसे पुरावे? म्हणून त्यांनीं गांवोगांवच्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांस बाळंतपण व बालसंगोपन शिकविलें. त्या बायांनीं बाजेस खांदा दिला.

मंडळीहो, सरकारापाशीं डॉक्टर अवश्य मागा. पण आपल्या गांवची बाज कोण धरील, हें ह्याच रविवारीं ठरवा. 108 क्रमांकावर कोण बोलावील? फाट्यावर दिवा घेऊन कोण उभा राहील? सोबत कोण जाईल? घरचीं लेंकरें कोण सांभाळील? चार कोपरे, चार माणसें. प्रभूची दृष्टि त्या चौघांच्या विश्वासाकडेही गेली, हें विसरूं नका.