कडा कोणाला सुंदर दिसतो?



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही मिस्सेत समुद्रावर प्रवचन केले. सृष्टीच्या सौंदर्यावरून निर्मात्याची ओळख पटते, हा नेहमीचाच धागा होता. लाटा, क्षितिज, खडकांवर फुटणारे पाणी, सगळे वर्णन आमच्या मते बरे जमले होते. मिस्सा संपल्यावर कोळीवाड्यातल्या एक मावशी सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “फादर, दर्याचं वर्णन छान केलंत. माझा मुलगा त्यातच गेला, तेवढं लक्षात असू द्या.” आवाजात राग मुळीच नव्हता. आम्ही काहीतरी पुटपुटलो. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या पावसातून घरी गेल्या.

प्रश्न मात्र मागे राहिला. भयंकर गोष्ट सुंदर दिसते ती कोणाला? जो काठावर उभा आहे फक्त त्यालाच का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला इमॅन्युएल कांट हा जर्मन विचारवंत परीक्षेपुरता वाचावा लागला होता. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने याच विषयाला हात घातला आहे. डोक्यावर लोंबणारे कडे, गडगडणारे ढग, खवळलेला महासागर यांच्यापुढे आपण क्षुद्र ठरतो, तरी ते आपल्याला ओढून घेतात. ते जितके भयानक तितके अधिक आकर्षक. पण एक अट तो घालतो : पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे. पुढे तो आल्प्स पर्वतातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. बर्फाच्या डोंगरांवर भाळणाऱ्या लोकांना हा शेतकरी सरळ मूर्ख म्हणत असे. कांटला तो माणूस भला आणि समंजस वाटतो, तरीही त्याचे मत असे की मनाची मशागत झालेली नसेल तर माणसाला अशा ठिकाणी फक्त भीतीच दिसते. त्या वयात आम्हांला हे पटले होते. आता मावशींचे वाक्य कानांत असताना पटेना.

या विचारात असताना सेंट किल्डा आठवले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला जी बाहेरची बेटे आहेत, त्यांच्याही पलीकडे सुमारे ६४ किलोमीटरवर अटलांटिक महासागरात हा छोटासा द्वीपसमूह आहे. (नावावर जाऊ नका. किल्डा नावाचा कोणी संत ख्रिस्तसभेला ठाऊक नाही. जुन्या नकाशांतल्या चुकीतून हे नाव आले असावे, असे अभ्यासक म्हणतात.) हिर्टा हे त्यातले मुख्य बेट. त्याच्या एका अंगाला गावाचा उपसागर, हिरवी उतरण आणि मेंढ्या, तर दुसऱ्या अंगाला जमीन एकदम संपते. कोनाशेर नावाचा तिथला कडा समुद्रापासून सुमारे ४३० मीटर उंच आहे. दिल्लीचा कुतुबमिनार एकावर एक असा सहा वेळा ठेवला तर ती उंची येईल. जवळच पाण्यातून सरळ वर आलेले खडकाचे सुळके आहेत. त्यांतला स्टॅक अन आर्मिन १९० मीटरांहून उंच. त्यांवर गॅनेट पक्ष्यांची इतकी दाटी असते की दुरून खडकावर बर्फ पडल्यासारखा वाटतो. झाड जवळजवळ नाहीच. वारा इतका की धान्य, मांस वाळवायला आणि साठवायला लोकांनी दगडांच्या कोठड्या रचल्या. वारा त्यांच्या भिंतींच्या फटींतून आरपार जाई आणि आतले जिन्नस कोरडे राहत. अशा हजाराहून अधिक कोठड्या आजही तिथे उभ्या आहेत.

या कड्यांवर माणसे जगत होती, आणि तीही शतकानुशतके. आपल्या कोळी बांधवांना नवल वाटेल, पण समुद्राच्या मधोमध राहूनही ती मुख्यतः मासळीवर जगत नव्हती. तिथला समुद्र त्यासाठी फार बेभरवशाचा. ती जगत होती पक्ष्यांवर. पुरुष अनवाणी पायांनी, कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरत आणि फुल्मार, गॅनेट, पफिन हे पक्षी आणि त्यांची अंडी गोळा करीत. मांस खायला, तेल दिव्याला. मालकाचा खंडसुद्धा पिसांच्या रूपात भरला जाई. १७२७ च्या ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे शिकारीसाठी त्या स्टॅक अन आर्मिनवर उतरले. त्यांना परत आणायला होडी आलीच नाही, कारण गावात देवीची साथ पसरून होडी वल्हवायलाही माणसे उरली नव्हती. ते अकरा जण पुढच्या मे महिन्यापर्यंत त्या सुळक्यावर तगून राहिले. समोर काही मैलांवर आपले बेट दिसते आहे आणि तिकडून कोणी का येत नाही हे कळत नाही, असे नऊ महिने. त्या मुलांना कोणी विचारले असते की हा देखावा कसा वाटतो, तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

१८७७ पासून उन्हाळ्यात आगबोटींतून पर्यटक येऊ लागले. ते डेकवरून कडे पाहत, गावात उतरून माणसांनाही पाहत, लोकरीची वस्त्रे आणि अंडी विकत घेत आणि परत जात. कांटची अट पूर्ण झाली होती : पाहणारे सुरक्षित होते. दरम्यान तरुण माणसे बेट सोडत गेली. १९३० साली गावातली एक तरुण स्त्री उपचारासाठी हलवल्यावर ग्लासगोत वारली, आणि मे महिन्यात उरलेल्या लोकांनी स्वतःच सरकारला अर्ज केला की आम्हांला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० रोजी ३६ जण बोटीत चढले. निघण्यापूर्वी त्यांनी घराघरांत बायबल उघडे ठेवले, शेजारी ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवली आणि दारे लावून घेतली. कुत्री बरोबर नेता येणार नव्हती. ती त्यांनी समुद्रात बुडवली.

हे वाचले की कांटचे म्हणणे आम्हांला अर्धेच खरे वाटते. सुरक्षित माणसाचे डोळे वेगळे असतात, हे त्याने बरोबर हेरले. पण सेंट किल्डाच्या माणसांना फक्त भीती दिसत होती, हे खरे नव्हे. बेट सोडलेल्यांपैकी काही जण पुढल्या वर्षांत उन्हाळ्यात तिथे परत जाऊन राहिले. आता पोटासाठी कडा उतरण्याची सक्ती नव्हती, तरी गेले. आणि हीच ती माणसे, ज्यांनी आम्हांला इथून न्या म्हणून अर्ज केला होता. यात विसंगती शोधायची गरज नाही. जिथे आपला भाऊ पडला ती जागा माणूस सोडतो आणि तिच्यासाठी झुरतोही. मनाची मशागत म्हणावी तर त्यांची कांटपेक्षा कमी नव्हती. त्यांना कड्याची एकेक फट ठाऊक होती आणि तिची किंमतही.

चूक होते ती निराळ्या ठिकाणी. पाहणारा आपल्या आनंदाची किंमत राहणाऱ्याकडून वसूल करू लागतो तेव्हा. आपल्याकडेही हे चालते. परदेशी किंवा मुंबईला स्थायिक झालेला भाऊ सणाला गावी येतो, केळीच्या वाडीत फोटो काढतो आणि वाडीत राबणाऱ्या धाकट्याला बजावतो की काही झाले तरी वाडी विकायची नाही. विकावी की न विकावी याचे उत्तर आमच्याकडे नाही. पण पंपाचे बिल आणि मजुरी कोण भरतो, हे आधी विचारलेले बरे. प्रवचनकारही याच रांगेत येतो, हे आम्हांला उशिरा कळले.

मग समुद्राचे सौंदर्य वेदीवरून सांगूच नये का? बायबलमधला ईयोबचा ग्रंथ पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. परमेश्वर वादळातून ईयोबापुढे समुद्र, हिमवृष्टी, कड्यावर घरटे करणारा गरुड असा सारा उग्र देखावा उभा करतो. आणि ऐकणारा ईयोब कोणत्याही सुरक्षित जागी नाही. मुले गेली आहेत, अंगभर फोड आहेत, तो राखेत बसला आहे. म्हणजे हा देखावा काठावरच्या माणसासाठी नाहीच. ज्याचे सर्वस्व गेले त्यालाच तो दाखवला जातो. त्यातून ईयोबाचे सांत्वन कसे झाले, हे आम्हांला आजही नीट समजावून सांगता येत नाही. पण एवढे दिसते की तिथे मुलांच्या मरणाचा विषय कोणी टाळलेला नाही.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्यांना आशीर्वाद देण्याचा विधी असतो. त्या दिवशी ईयोबच्या ग्रंथातले हेच वाचन घ्यावे असा विचार आहे. ते तुम्ही कराल का, म्हणून आम्ही त्या मावशींच्या घरी जाऊन विचारले. त्यांनी चहा दिला, भिंतीवरचा मुलाचा फोटो दाखवला आणि चष्मा बदलायचा आहे असे सांगितले. अजून होकार आलेला नाही.