माळ, बाप्तिस्मा आणि दुसरा जन्म



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. एकादशीचे कीर्तन आटोपले, बुक्का लावून मंडळी पांगली, आणि एक तरुण मागे रेंगाळला. पुण्याच्या गुरुवार पेठेत त्याचा एक ख्रिस्ती सोबती आहे. म्हणाला, "बुवा, हे लोक आपल्यासारखा पुनर्जन्म मानीत नाहीत. आणि हा तर ख्रिस्ती घरातच जन्मला, धर्म बदलण्याचा प्रश्नच नाही. तरी म्हणतो, दोन वर्षांपूर्वी माझा नवा जन्म झाला! हे काय गौडबंगाल?"

त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो, कारण विचार करता करता तो प्रश्न त्या सोबत्याचा उरला नाही, माझाच झाला.

या कल्पनेचे मूळ बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा एक थोर यहुदी शास्त्री रात्रीच्या वेळी येशूकडे आला. येशूने त्याला सांगितले की, नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसावयाचे नाही. शास्त्रीबुवा भांबावले. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात शिरणार कसा? अहो, पांडित्य एवढे मोठे, पण अडले ते शब्दावरच! मूळ ग्रीक भाषेत तेथे जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात: 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेमाने पहिला धरला. येशूच्या मनात दुसराही होता. हा जन्म वरून, म्हणजे देवाकडून, व्हावयाचा. वारा वाहतो तो कळतो, पण कोठून आला आणि कोठे चालला ते सांगता येत नाही. तसाच हा जन्म, असा दृष्टांतही तेथे दिला आहे.

तेव्हा पहिला भेद ध्यानात घ्यावा. आपण ज्याला जन्ममरणाचा फेरा म्हणतो तो देह पडल्यावरचा. ख्रिस्ती मनुष्याचा दुसरा जन्म देह असतानाच, याच घरात, याच माणसांत होतो. फेऱ्यातून आपणाला सुटावयाचे असते. तो जन्म त्यांना हवा असतो. तो ख्रिस्तावरील विश्वासाने व देवाच्या कृपेने मिळतो, स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे, असे ते मानतात. त्याच अध्यायात पाणी आणि आत्मा या दोहोंचा उल्लेख आहे. म्हणून काही पंथ हा जन्म बाप्तिस्म्याच्या विधीशीच जोडतात, तर काही म्हणतात की, विधी झाला तरी अंतःकरण पालटले पाहिजे. आमच्या तरुणाचा सोबती या दुसऱ्या मताचा दिसतो.

आता आपल्या पुण्याकडे वळू. 1890 साली पंच हौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तेथे त्यांच्यापुढे चहा आला. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे केवढा गहजब! ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एक पेला चहाने मनुष्य बदलतो की नाही, यावर हे शहर मोठ्या हिरिरीने भांडले.

त्याच 1890 साली पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्यास आणले. संस्कृतातील पांडित्याबद्दल कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरविलेल्या या बाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. लोकांच्या दृष्टीने त्या केव्हाच 'बाटल्या' होत्या, म्हणजे जे काही व्हावयाचे ते होऊन गेले होते. पण पाहा, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर त्यांना स्वतःला वाटू लागले की, मला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त काही सापडला नाही. 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. या सुमारास हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे लोकांना उपदेश करीत होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर प्रवचन करता करताच त्याला उमगले की, आपण सांगतो ते आपल्याला कधी घडलेच नाही! ते वाचून रमाबाई आत वळल्या. चहाने मनुष्य पालटतो का, असे शहर विचारीत होते. बाप्तिस्म्याने तरी पालटतो का, असे ही बाई स्वतःला विचारीत होती.

वारकऱ्याला हा प्रश्न परका नाही. नामदेवराय तर देवाशी बोलणारे, देवाला जेवू घालणारे. तरी गोरोबाकाकांच्या थापटण्याखाली मडके कच्चे निघाले. नामदेवांना राग आला, आणि कच्चेपणाची तीच खूण ठरली. पुढे विसोबा खेचरांच्या पायांशी गेले तेव्हा जे घडले त्याला दुसरा जन्म नाही म्हणावे तर काय म्हणावे? ख्रिस्ती मत आणि आपले मत एकच, असे मी म्हणत नाही. मार्ग वेगळे, इष्ट वेगळे. पण खूण बाहेर असते आणि जन्म आत होतो, हे दोन्हीकडे खरे आहे.

आता माझे सांगतो. त्या पाद्र्याची हकीकत वाचली आणि मी पुस्तक मिटले. माझ्या गळ्यात माळ पडून बेचाळीस वर्षे झाली. वारी चुकली नाही. क्षमेवर तर माझे कीर्तन लोक मुद्दाम मागून घेतात. आणि गावाकडे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षे अबोला! भूतमात्रांत विठ्ठल सांगणाऱ्या या तोंडाला भावाच्या दारात बोलावयास शब्द नव्हता. कोणी माझे डोके थापटले असते तर काय आवाज आला असता, ते मला ठाऊक आहे.

कार्तिकात गावी गेलो. बंधुराज ओसरीवर होते. "ये" म्हणाले नाहीत, "जा"ही म्हणाले नाहीत. भावजयीने चहा आणून ठेवला. तो मी घेतला. पाण्याची पाळी तुझी, म्हटले. भाऊ बराच वेळ बांधाकडे पाहत राहिला. मग विचारले, "गुडघा कसा आहे तुझा?"

एवढेच घडले. माझा दुसरा जन्म झाला असे यावरून कोणी समजू नये. मीही समजत नाही. एक कळ मात्र आली. आणि एवढे कळले की, हे माझ्या शहाणपणाने झाले असते तर अकरा वर्षांपूर्वीच झाले असते.

त्या तरुणाला आता माझे सांगणे इतकेच की, बाबा रे, सोबत्याला हसू नकोस, वादही घालू नकोस. दोन वर्षांत तुझ्या घरच्यांना काय वेगळे दिसले, एवढे त्याला प्रेमाने विचार. आणि विचारून झाले की आपल्या माळेला हात लावून तोच प्रश्न स्वतःला कर.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!