भेंडीला तार सुटेपर्यंत

जरा बसा. चार कोवळ्या भेंड्या मनात आणा. अंगावर बारीक लव आहे, देठाशी किंचित चिकट लागतंय.

आज ज्या बाईच्या चुलीपाशी थांबायचं आहे, तिचं नाव ॲबी फिशर. अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलिनात, 1830च्या दशकाच्या सुरुवातीला ती गुलामगिरीत जन्मली. पुढे अलाबामातल्या मोबिल शहरात राहिली आणि गुलामगिरी संपल्यावर काही वर्षांनी कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोला आली. तिच्या लोणच्यांना आणि सॉसना तिथे पदकं मिळाली. ओळखीच्या बायका पुस्तकासाठी आग्रह करू लागल्या. पण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि नवऱ्यालाही शाळा मिळाली नव्हती, त्यामुळे हे आपल्याला जमेल का, अशी शंका तिला होती. प्रस्तावनेत तिने ती मोकळेपणाने सांगितली आहे. ती सांगत गेली, इतरांनी उतरवून घेतलं आणि 1881 साली पुस्तक निघालं.

इथे थांबा. तिच्यासारखं पस्तीस वर्षं हाताने केलेलं काम शब्दांत सांगायचं म्हणजे काय, याचा विचार करा. तुमचा रोजचा एक पदार्थ घ्या, फोडणीचं वरण घ्या. तेल किती तापलं की मोहरी टाकता? मनातल्या मनात, कधीच स्वयंपाक न केलेल्या माणसाला ते सांगून पाहा. घाई करू नका. कुठे अडता, तेवढं बघा.

आता तिचा भेंडीचा गम्बो, म्हणजे दाट रस्सा. बीफच्या नळीचं हाड फोडून घ्यायचं, एक गॅलन पाण्यात, म्हणजे पावणेचार लिटरभर पाण्यात, उकळत ठेवायचं आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटवायचं. हे आटणं मनात होऊ द्या. भांड्याच्या आतल्या कडेला पाण्याची खूण उरते, पाणी हळूहळू तिच्याखाली उतरत जातं. मग गाळून पुन्हा आचेवर, आणि त्यात भेंडीचे बारीक तुकडे. टोकं घ्यायची नाहीत, असं ती बजावते.

आपण भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून चिरतो; तार सुटू नये म्हणून आमसूल किंवा ताक घालतो. गम्बोत ती तारच हवी असते, तिनेच रस्सा दाट होतो. भेंडी मूळची आफ्रिकेतली मानली जाते. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ती अटलांटिकपार गेली आणि ती शिजवायची रीतही त्यांच्याबरोबरच गेली. मला हे फार मोठं वाटतं. ज्यांचं सगळं हिरावून घेतलं, त्यांच्या हातची चव मात्र मालकांच्या ताटात जाऊन बसली, आणि पुढे साऱ्या दक्षिणेची म्हणून ओळखली गेली. ज्यांनी शिजवलं, त्यांतल्या बहुतेकींची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. त्या बिननावाच्या बायकांसाठी एक श्वास सावकाश घ्या.

गम्बोसोबत मोकळा भात. पाणी फार नको, मीठ सुरुवातीलाच, आणि शिजताना भात मुळीच ढवळायचा नाही. ‘ढवळू नको गं’ हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? तो आवाज आठवा. आठवला तर तिथेच रेंगाळा.

पुस्तकाच्या शेवटी तान्ह्या बाळाची पेज आहे. चाळलेलं पीठ स्वच्छ फडक्यात घट्ट बांधायचं, ती पुरचुंडी दोन तास उकळायची, गार झाल्यावर वरचं कवच काढायचं. बाळाला भरवायच्या वेळी त्यातलं चमचाभर किसून उकळत्या दुधात ढवळायचं, साखर घालायची. पोट बिघडलं असेल, तर दालचिनीचा दोन इंची तुकडा त्यात उकळायचा. या पाककृतीखाली ती स्वतःबद्दल एवढंच सांगते: मी अकरा मुलांना जन्म दिला, ती सगळी वाढवली, आणि ती याच पेजेवर वाढली.