बसायची जागा



भिवंडीतली जुनी माणसं भेटली की बंद पडलेल्या यंत्रमागांच्या आणि त्यांच्या आधारानं चाललेल्या चहाच्या हॉटेलांच्या आठवणी निघतात. पाळी सुटली की तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार तिथं बसत, गावाकडची खबर घेत. पुढं अनेक माग भंगारात गेले, गोदामं आली, त्या बैठकाही मोडल्या.

याच शहरानं १९८४ची दंगल सोसली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत शेजारी एकत्र बसू, बोलू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई दंगलींनी पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

एकत्र बसण्याचं मोल एवढं मोठं आहे. आज एखाद्या आजोबांजवळ बसा, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. आणि आपल्या गल्लीत चौघांना बसता येईल असा एक बाक तरी ठेवा.