न लागलेला ठोसा

मी आयुष्यात कोणावर हात उचलला नाही, ह्याचा मला बराच अभिमान होता. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण छडी वापरली ती नकाशात वैनगंगा दाखवण्यापुरती. ह्या अहिंसेत तत्त्वाचा भाग किती आणि माझ्या दंडाच्या घेराचा किती, हा हिशेब मात्र कधी मांडला नव्हता. तो मांडायची पाळी गेल्या दिवाळीत आली.

पुण्याचा नातू ब्रह्मपुरीला आला तो एक चष्मा घेऊन. चष्मा कसला, बैलाची झापडंच ती! डोळ्यांवर चढवली की आपलं घर नाहीसं होतं. आत दोन डोळ्यांसमोर दोन चित्रं. मान वळवली की जगही वळतं. दोन्ही हातांत एकेक मूठ देतात, तुमचा हात कुठे आहे हे यंत्राला त्यावरून कळतं.

खेळाचं नाव 'गॉर्न'. केप टाऊनच्या 'फ्री लाइव्ह्ज' नावाच्या मंडळींनी तो 2019 साली पुरा केला. रोमन आखाड्यातली मारामारी, पण सगळा वेडगळ कारभार. समोरचे मल्ल पिंपाएवढ्या छातीचे आणि चालतात मात्र झिंगल्यासारखे. हातातली गदा रबरासारखी लवलवते. "आजोबा, गदेचं वजन तुमच्या हाताला लागतच नाही ना, म्हणून ती अशी वाकते," नातवानं समजावलं. खोलीत किती फिरायचं त्याची रेघही त्यानं आखून दिली. रेघेजवळ गेलं की समोर जाळी दिसते. लक्ष्मणरेषाच म्हणा ना.

पहिल्या मल्लाला ठोसा लगावून मी "माफ करा हं" म्हणालो. दुसऱ्याला नुसतं "अरेरे". तिसऱ्यापासून संभाषण बंद. पाचवा खाली पडला होता, तरी मी त्याला हाणत होतो, आणि माझ्या तोंडून शब्द आले, "धुरा सरकवतोस? धुरा?"

आता त्या बिचाऱ्या रोमन मल्लाला धुरा काय ठाऊक! तो प्रश्न होता माझ्या धाकट्या भावाला. तो नदीपलीकडे वडश्याजवळ राहतो. धानाच्या दोन बांध्यांमधला धुरा त्यानं एक हात माझ्याकडे सरकवला, असं माझं म्हणणं. अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा अख्ख्या जंगलाची वाटणी झाली. आम्हा दोघांना मात्र एक हात जमीन पचेना.

पुढचा ठोसा मी असा काही मारला की लोखंडी कपाट वाजलं. जाळी दिसली होती. मी ती ओलांडून गेलो. बायको धावत आली. "अहो, काय करून राहिले तुम्ही? कोणाला मारून राहिले?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. चार बोटं सुजली होती.

रात्री झोप येईना. कोणालाच लागलं नाही, तर पाप कसलं? आणि पाप नाही, तर मला लाज कसली वाटत होती? बरं, खेळाला दोष द्यावा, तर तोच खेळ नातू खदखदून हसत खेळत होता. त्याच्यासमोर नुसता मल्ल होता. त्या मल्लाला तोंड चिकटवलं ते मी.

मग आठवलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. ह्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे ह्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. आम्ही दोघे भाऊ हौशी, गावापुरते. मी नायक, तो खलनायक. थोबाडीत मी मारायची आणि त्याच क्षणी त्यानं लपवून टाळी वाजवायची, की पब्लिक खूश! पहाटे दोघं एकाच घोंगडीत चहा प्यायचो. म्हणजे खोटं मारायलासुद्धा दोघं लागतात. एकानं हात आवरायचा, दुसऱ्यानं टाळी द्यायची. लागलं की नाही ह्यावरून मार खरा-खोटा ठरत नाही. दोघांचं आधी ठरलं होतं की नाही, ह्यावर ते ठरतं. चष्म्यातल्या मारामारीत मी एकटाच होतो. हात आवरायचं कारण नव्हतं, टाळी द्यायला कोणी नव्हतं. म्हणून तो ठोसा कोणाला न लागताही खरा होता. आणि रेघ ओलांडली ती पुन्हा मीच!

सकाळी डाव्या हातानं फोन लावला.

"बोल दादा," तिकडून आवाज आला. अकरा वर्षांनी.

"हात सुजला रे."

"काऊन? कोणाला मारलं?"

"कपाटाला."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "टाळी कोणी वाजवली?"

"कोणीच नाही. म्हणून तर सुजला."

दोघंही हसलो. धुऱ्याचा विषय निघाला नाही. तो आहे तिथंच आहे. म्हणजे त्याच्या मते योग्य जागी आणि माझ्या मते एक हात अलीकडे.