गप्प बसण्याचा भाव

जपानी मोटार घ्यायची असं मी ठरवलं तेव्हा माझं वय अडुसष्ट होतं. या वयात माणसं गुडघे बदलून घेतात. माझे गुडघे शाबूत असल्यामुळे तो पैसा मोटारीत घालायला काय हरकत आहे, असा हिशेब मी सौभाग्यवतींपुढे मांडला. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा गुडघेच बदला. निदान एका जागी बसाल तरी."

दोष खरा भाच्याचा. तो योकोहामाला असतो. त्याने फोनवर एक फोटो पाठवला. निसान सेड्रिक, काळी, लांबलचक, सीटवर पांढरी क्रोशाची आच्छादनं. पूर्वी आपल्याकडे रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर घालायचे ना, तशी. गाडीला टर्बो होता. आता टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याने दुसरा पंखा फिरवून इंजिनातच जास्त हवा कोंबायची. चुलीच्या धुरानेच फुंकणी फुंकावी, तसला प्रकार. 1979 साली जपानात हा चमत्कार पहिल्यांदा विक्रीच्या मोटारीत बसला तो या सेड्रिकच्या घराण्यातच. तिथे दोन लिटरच्या वरच्या इंजिनाला कर जास्त. म्हणून इंजिन लहान ठेवून त्याच्या पोटात वारा भरला. कर चुकवण्याची बुद्धी माणसाला कुठवर नेते पाहा!

"मामा, असल्या जुन्या गाड्या इथे मातीमोल जातात," भाचा म्हणाला. तिथे म्हणे गाडीची सरकारी तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी करावी लागते. तिचा खर्च जड होतो, म्हणून लोक चांगली चालती गाडी काढून टाकतात. मातीमोल हा शब्द ऐकला की खानदेशी माणसाच्या अंगात वारं भरतं. टर्बोची गरज राहत नाही.

पण आपल्या सरकारचा नियम असा, की परदेशातून जुनी मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी. म्हणजे जी अजून नवीच आहे तेवढीच जुनी म्हणून आणता येते. शिवाय कर असा, की एक गाडी आपल्यासाठी घ्यायची आणि दुसरीचे पैसे सरकारला द्यायचे. सेड्रिक योकोहामालाच राहिली. मी बोदवडला राहिलो.

आणि मग मला कॉन्टेसा आठवली.

तरुण वाचकांना ही गाडी ठाऊक नसेल. 1984 पासून 2002 पर्यंत हिंदुस्थान मोटर्सने ती बंगालात उत्तरपाड्याला बनवली. मंत्र्यांच्या ताफ्यात ती असे आणि हिंदी सिनेमात खलनायकाच्या बंगल्यासमोर ती असे. दोघांना एकच गाडी का आवडावी, हा विषय वेगळा. तिचं अंग विलायतेच्या व्हॉक्सहॉलचं. सुरुवातीला त्यात ॲम्बेसिडरचं इंजिन घातलं होतं, म्हणजे हत्तीच्या अंगात शेळीचं काळीज. पुढे जपानच्या इसुझूचं इंजिन आलं, मग त्याचं डिझेल आलं, आणि शेवटी शेवटी त्या डिझेलला टर्बो लागला. घ्या! देह साहेबाचा, काळीज जपानी, जन्म बंगालचा. पण तोवर लोकांना लहान, कमी पिणाऱ्या मारुतीचं वेड लागलं होतं. कॉन्टेसा पडवीत गेली, पडवीतून गोठ्यात गेली आणि गोठ्यातून भंगारात.

आज मात्र पुण्या-मुंबईचे शौकीन तिच्यामागे लागले आहेत. फोनवर मी जाहिराती पाहत होतो. चांगल्या राखलेल्या एका टर्बो डिझेलला पाच लाख मागितले होते.

अशीच एक गाडी बोदवडपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, हे मला ठाऊक होतं. मालकीण जिजी. वय ऐंशीच्या पुढे. यजमान हौशी होते, ते जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा सुरतेला. मी अर्धा किलो पेढे घेऊन गेलो.

"ते डबडं?" जिजी म्हणाल्या. "तू काय करू राह्यला त्याचं? त्याच्यात कोंबड्या अंडे देतात. भंगारवाला वीस हजार देतो म्हणे. तुले पाहिजे तर तू घे."

मी टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकलो. धूळ, कोळिष्टकं, आणि त्यांच्या आड तो टर्बो. गोगलगाईसारखा वळसा घेऊन शांत बसलेला. माझ्या छातीत धडधडलं. बाहेर येऊन मी शक्य तितका पडेल चेहरा केला आणि म्हणालो, "पाहतो जिजी. फार खराब झाली आहे."

हे वाक्य खरंच होतं. त्यामुळेच मला रात्री झोप लागली नाही.

म्हणजे पाहा, मी खोटं काहीच बोललो नव्हतो. फक्त पाच लाखांचं बोललो नव्हतो. न बोलणं म्हणजे फसवणं का? सकाळी उठून वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी 1872 चा करार कायदा काढला, सतरावं कलम लावलं आणि खुशीत येऊन सांगितलं, की बोलणं कर्तव्यच असल्याशिवाय नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. कायद्यात उदाहरणसुद्धा आहे. दोन व्यापारी करार करतात. भाव बदलल्याची खबर एकाला आधी लागलेली आहे. ती दुसऱ्याला सांगायला तो बांधलेला नाही. "मास्तर, बिनधास्त घ्या," वकीलसाहेब म्हणाले. मग जरा थांबून, "तेवढी एक चक्कर मलाही मारू द्या."

कायदा माझ्या बाजूने उभा राहिला आणि माझी तब्येत आणखी बिघडली. जिजी व्यापारी कुठे होत्या?

मास्तरकीच्या काळातलं एक वाचन आठवलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने हाच प्रश्न सोडवायला घेतला होता. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याने वाटेत पाहिलं आहे. ते सांगून टाकावं, की गप्प बसून चढ्या भावाने विकावं? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला, माल खोटा नसला म्हणजे झालं, प्रत्येक गोष्ट सांगायला व्यापारी बांधलेला नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणाला, सांगितलंच पाहिजे, माणसं एकमेकांची आहेत. सिसेरोने शिष्याची बाजू घेतली. सिसेरोला मोटार घ्यायची नव्हती, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

पण मला रोमला जायची गरज नव्हती. 1968 साली मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एकाधिकार खरेदी यायला अजून चार वर्षं होती. दिवाळीच्या सुमाराला वडिलांनी दोन गाड्या कापूस भरला आणि मी वरच्या गाडीवर कापसात रुतून बसलो. व्यापाऱ्याने वडिलांचा हात रुमालाखाली घेतला, बोटं दाबली, भाव ठरला. भाव बरा वाटला. आदल्या रात्री त्याला मुंबईहून ट्रंक कॉल आला होता, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेव्हा भाव कितीतरी वर गेला होता. बाबा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत एवढंच. मला मात्र तो व्यापारी आवडला होता. त्याने मला मूठभर पेपरमिंट दिले होते.

ही हकीकत मी घरी बऱ्याचदा सांगतो. त्या दिवशी जेवताना पुन्हा सांगितली, कायद्यातली त्रुटी दाखवण्यासाठी. सौभाग्यवतींनी वाढता वाढता विचारलं, "आणि तुम्ही जिजींकडे काय नेलं होतं?"

"पेढे. का?"

"काही नाही. पेपरमिंट महाग झाले असतील."

भाकरी घशात अडकणे हा वाक्प्रचार मी वर्गात चाळीस वर्षं शिकवला. त्याचा अर्थ त्या दिवशी समजला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खेड्यावर गेलो, या वेळी रिकाम्या हाताने. जिजींना सांगितलं, की या डबड्याला पुण्याकडे मोल आहे, तिकडचे शौकीन चांगले पैसे देतात. "किती?" जिजींनी विचारलं. आणि इथे, वाचकहो, माझी जीभ जराशी अडखळली. ती जाहिरातीतली गाडी चालती होती, ही बंद आहे. तिचं पॉलिश चकचकीत होतं, हिच्यात कोंबड्या आहेत. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, तपासणी. हे सगळं वजा जाता मी म्हणालो, "तीनेक लाख."

जिजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्या पुण्यावाल्याले मी काय ओळखते? तुझ्या बापाले ओळखत होती. भला माणूस. तू वीसच दे. पण एक कर. आमच्या यांनी गाडी घेतली तवा पहिल्यांदा शिरसाळ्याच्या मारुतीले नेली होती मले. तू नीट करशीन ना, तर एका शनवारी तशीच घेऊन चल."

सांगितलं की मोकळं होता येतं अशी माझी समजूत होती. सांगितल्यावर उलट मी अडकलो. गप्प राहून वीस हजारांत घेतली असती तर तो सौदा झाला असता. आता ते देणं झालं होतं, आणि देणं परत कसं करायचं ते कुठल्याच कायद्यात नाही. मी पन्नास हजार पुढे केले. त्यांनी वीस मोजून घेतले आणि बाकीचे माझ्याच पिशवीत कोंबले, वर डझनभर अंडी. गाडीतलीच.

दुरुस्तीचं काय विचारता! भुसावळच्या एका मिस्त्रीने टर्बो काढून खिडकीत ठेवला आणि सात महिने त्यात अगरबत्ती खोचली. जेवढे पैसे जिजींनी घेतले नाहीत तेवढे आणि त्याच्या वर बरेच त्याने घेतले. पण शेवटी गाडी चालली. आणि डांबरी रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की मागून कुणीतरी हळूच शिट्टी घालून ढकलावं तशी ती उठते. त्या शिट्टीसाठी पाच लाखही कमीच.

शनिवारी जिजींना घेऊन शिरसाळ्याला निघालो. नवं लुगडं नेसून त्या मागच्या सीटवर मधोमध बसल्या होत्या, खिडकीकडे न पाहता सरळ समोर बघत. मी क्रोशाचं आच्छादन घातलं होतं. सौभाग्यवती माझ्या शेजारी. मारुतीला दाखवायला कॉन्टेसा नेतो आहोत, त्याला राग तर नाही ना येणार, असा एक विनोद मी केला. कोणी हसलं नाही.

थोड्या वेळाने मागून जिजींचा आवाज आला.

"भाऊ, तो पुण्यावाला खरंच किती देत होता रे?"

आरशात पाहिलं. त्या अजूनही सरळ समोरच बघत होत्या. सौभाग्यवती माझ्याकडे बघत होत्या.

समोरून उसाची ट्रॉली येत होती. मी गिअर बदलला.