मसणातला सिद्ध

आमच्या रहाटणीत कुणी गेलं की नातेवाइकांना फोन जातात, मग शववाहिकेला. स्मशानात लाकडं रचून देणाऱ्या माणसाला हाक मारायची वेळ आली की आपण ‘मामा’ म्हणतो. महापालिकेच्या कागदावर त्याचा काहीतरी हुद्दा असेलच, पण तो तोंडात बसलेला नाही.

जुन्या मराठीत हे काम करणाऱ्याला नावं होती, आणि चांगली होती. मसणजोगी. मसण म्हणजे प्राकृतातून झिजत आलेलं श्मशान. यास्काच्या निरुक्तात त्याची फोड ‘श्मशयन’ अशी आहे: श्म म्हणजे शरीर, ते निजतं ती जागा. जोगी म्हणजे योगी. स्मशान राखायचं, प्रेतावरचं वस्त्र नि नाणं घ्यायचं, एरवी भिक्षा मागत फिरायचं, असं या भटक्या जमातीचं जगणं. बहुतेकांची घरची बोली तेलुगू वळणाची. सरकारी यादीत त्यांच्या शेजारीच ‘सुडगाडसिद्ध’ असं नाव आहे. कानाला भलतंच वाटतं. पण कानडीत ‘सुडु’ म्हणजे जाळणं, ‘काडु’ म्हणजे रान, आणि ‘सुडुगाडु’ म्हणजे स्मशान. तिथे राहणाऱ्याला एका नावानं योगी केलं, दुसऱ्यानं सिद्ध.

शंकरही स्मशानवासीच. त्याला आपण बेल वाहतो. मसणजोग्याला गावाबाहेर ठेवलं आणि मसणाची शिवी केली. ब्राह्मणांतही हीच गत. ‘किरवंत’ हा शब्द ‘क्रियावंत’वरून आला असं मानतात. त्याच्याकडून अंत्यक्रिया करून घ्यायची, पण शुभकार्यात तो नको. प्रेमानंद गज्वींनी त्यावर नाटकच लिहिलं.

काम सुटलं तरी नाव सुटत नाही, हे मला जास्त खटकतं. मराठवाड्यातून चाकणच्या कारखान्यात आलेल्या मसणजोगी बापाच्या पोरानं चिता जवळून पाहिलीही नसेल. पण सवलतीसाठी जातीच्या दाखल्यावर तोच शब्द लागतो, आणि शाळेत कुणी तो मोठ्यानं वाचला की खसखस पिकते. शब्द टाकावा, तर सवलत जाते.

२०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापारमेळ्यात मुंबईच्या एका कंपनीनं सजवलेली तिरडी ठेवून अंत्यविधी-सेवेचं दालन मांडलं. कंपनीचं नाव ‘सुखांत’. लोकांनी फोटो काढले, थट्टा केली, चार दिवसांत विसरले. त्या धंद्यावरून मालकाच्या नातवंडांना जात काही चिकटणार नाही.